थारोळं उघडं पडलं

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील तमाम नागरिकांस, तसेच पाहुणेरावळे, कालव्याचे लाभधारक, म्हशी, मेंढरं व मोकाट कुत्री यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात, धरणाच्या फुगवट्यातून वर आलेल्या एका टेकाडावर, कोणाचीही परवानगी न घेता आणि सातबाऱ्यावर नाव नसताना, एका पक्षिणीने तीन अंडी घातली. सदर अंड्यांबाबत कोणाची काही हरकत असल्यास ती आता नोंदवून उपयोग नाही.

धरण कोणतं, ते सांगणार नाही. दोन तालुक्यांच्या शिवेजवळ कुठेतरी, एवढं पुरे. मागच्या वेळी तर मी नाव न सांगताच जे व्हायचं ते झालं.

माझा धंदा लग्नांचा. जमवण्याचा नव्हे, लागलेली लग्नं निदान अल्बममध्ये तरी टिकवण्याचा. गाव डिंगोरे, स्टुडिओ जुन्नरच्या जुन्या बाजारपेठेत, अशा बोळात की समोरासमोर दोन मोटारसायकली आल्या तर एकाला मन मोठं करून मागे जावं लागतं. वीसेक वर्षांत मी शेकडो नवरीमुलींना 'हनुवटी खाली' आणि तितक्याच नवरदेवांना 'पोट आत' म्हटलं आहे. पक्ष्यांचा नाद लागला तो ह्याच वैतागातून. पक्ष्याला हनुवटी नसते, पोट आत घे म्हणून सांगावं लागत नाही, आणि फोटो पाहून 'मला जरा गोरी करा ना' असं तो म्हणत नाही.

लांबची लेन्स घेतली तेव्हा बायकोला सांगितलं होतं की मंडपाच्या पार मागून नवरीच्या डोळ्यांतलं पाणी टिपायला ती लागते. तिने विश्वास ठेवला. मग एके दिवशी ती कॅमेऱ्यातले फोटो चाळत बसली. ओढ्यातल्या दगडावर शेपटी नाचवणारा धोबी, खंड्या, वंचक, शेकाट्या, पुन्हा शेकाट्या.

"अहो," ती म्हणाली, "ह्या नवरीचे पाय फारच लांब आहेत."

तेव्हापासून मी सकाळी कॅमेरा घेऊन निघालो की ती दारातून विचारते, "आज कुणाची मुलगी बघायला?"

तर त्या उन्हाळ्यात आंबेगावकडच्या एका जोडप्याचं प्री-वेडिंग होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: लग्नाआधी नवरा-नवरीने एकमेकांकडे बघत पाण्याकाठी पळायचं आणि मी त्यांच्या मागे धापा टाकत पळायचं, ह्याला प्री-वेडिंग म्हणतात. उन्हाळा चढत होता. धरणाचं पाणी मागे हटलं होतं आणि बुडालेली जमीन हळूहळू वर येत होती. कुठे भेगाळलेला गाळ, कुठे जुन्या बांधाचे दगड, आणि मधेच एक मुरमाड टेकाड. त्याच्या तीन बाजूंना पाणी, एका बाजूने चिखलाची चिंचोळी वाट. मला त्या दोघांना तिथे उभं करायचं होतं. मागे नुसतं निळं पाणी. समुद्र म्हणून खपलं असतं.

नवरी लांबलचक गाऊन सावरत वाट ओलांडून आली. नवरदेव सुटाबुटात, केसांना जेल. मी ओरडलो, "आता वर बघा! आभाळाकडे! स्वप्नाळू, स्वप्नाळू!" दोघांनी वर पाहिलं. वरून एक पांढुरका पक्षी, डोक्यावर काळी टोपी, चोच पिवळीजर्द, शेपटी मधोमध दुभंगलेली, किंचाळत खाली आला आणि नवरदेवाच्या स्वप्नाळू कपाळावर नेम धरून शिटला.

नवरी इतकी हसली की दिवसभरातला तिचा सगळ्यात चांगला फोटो तोच. नवरदेव हसला नाही. आणि काठावरून आवाज आला:

"पावणं, लगीन लागायच्या आदीच चुना लागला की राव!"

काठावर एक म्हातारे मेंढके उभे होते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, भोवती वीस-पंचवीस मेंढरं. स्वतःच्याच विनोदावर ते मनापासून हसत होते. पण मी मागे सरायला पाय उचलला तसा त्यांचा आवाज एकदम बदलला.

"हां! हां! पाय टाकू नका. जितं हायसा तितंच ऱ्हावा. तिचा संसार हाय पायाखाली."

मी खाली पाहिलं. मुरूम. पुन्हा पाहिलं. मुरूमच. मग त्या मुरमातलेच तीन खडे जरा जास्त गोल वाटले. तळहाताएवढा खळगा, त्यात काडी नाही की कापूस नाही, आणि तीन अंडी. मातकट राखाडी, अंगावर तपकिरी डाग. माझ्या बुटापासून वीतभर लांब.

पुस्तकातलं नाव नदीसुरय. मामा (पहिल्या दिवशीच मी त्यांना मामा म्हणायला लागलो) तिला 'कातर' म्हणत, कारण तिची शेपटी मेंढरं कातरायच्या कातरीसारखी. हे नाव त्यांचं एकट्याचं. दुसऱ्या कुणाच्या तोंडी मी ते ऐकलं नाही. त्यांचे वडील-आजे कळप घेऊन दरसाल कोकणात उतरायचे. आता मुलं शेती करतात, एक चाकणला कामाला जातो, आणि मामांनी एवढी मेंढरं ठेवली आहेत ती, त्यांच्याच शब्दांत, 'पायाला सवय हाय म्हणून'.

नवरा-नवरीला गाडीत बसवून मी परत आलो तेव्हा मामा बाभळीच्या काटेरी फांद्या ओढून त्या चिखलाच्या वाटेवर आडव्या टाकत होते.

"कुत्री येत्यात," ते म्हणाले. "आन् माणसं. कुत्री परवडली. मागल्या साली तुमच्यावानीच एक आले व्हते, रंगीत धूर सोडणारे. दोन दिस नाचले हितं. ही वर घिरट्या घालून घालून दमली, खाली बसंना. आंडी उन्हानं शिजली."

रंगीत धुराच्या नळकांड्या त्या वेळी माझ्याही गाडीच्या डिकीत होत्या.

"तीन सालं झाली भाऊ. ह्या टेकाडावरनं एक पिल्लू उडाल्यालं न्हाई. दरसाल येती, दरसाल घालती, आन् दरसाल हात हालवत जाती. ह्या साली मला एक तरी बघायचंय. माजं बी वय झालं आता."

फोटो काढू का, असं मी विचारलं. कितीही काढा म्हणाले, पण जागा कुणाला सांगायची नाही. मी म्हटलं, "शब्द, मामा." त्यांना शब्द पुरला नाही. कमरेच्या पिशवीतून त्यांनी चिमूटभर भंडारा काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "म्हणा." भंडारा उचलून खोटं बोललेला माणूस त्यांच्यात कुणी पाहिलेला नाही. मी भंडारा उचलला. कपाळाला लावला. मोठ्या झोकात म्हटलं, "ही जागा माझ्या तोंडून कुणालाही कळणार नाही." तोंडून कळलीच नाही, हे खरं आहे. वकिलाला एवढं पुरलं असतं.

मग माझ्या सकाळी तिथे जायला लागल्या. भर लग्नसराईत. मुहूर्त दुपारचा असला की मी सकाळी टेकाडासमोर, संध्याकाळचा असला की दुपारपर्यंत. एका नवरदेवाची वरात मारुतीच्या देवळापासून निघाली आणि मी पोचलो तेव्हा ती मांडवात शिरत होती. मामांनी मला त्यांची घोंगडी दिली. ती पांघरून मेंढरांच्या मध्ये बसायचं. कातर मेंढरांवरही चिडायची, पण माणसापेक्षा कमी. घोंगडीच्या आत इतका उकाडा आणि इतका वास की घरी गेल्यावर बायको म्हणाली, "मुलीकडच्यांनी चांगलाच पाहुणचार केलेला दिसतोय."

पण त्या घोंगडीखालून मी जे पाहिलं ते मांडवात कधी दिसलं नाही. दुपारी मुरूम तव्यासारखा तापायचा. मग ती उठायची, पाण्याला पोट लावून यायची आणि ओलं पोट अंड्यांवर टेकवून बसायची. अंडी उबवायची नव्हेत, गार ठेवायची. दर थोड्या वेळाने हेच. नर मासा आणायचा. लगेच द्यायचा नाही. आधी चोचीत मिरवायचा, मान उंचावून तिच्याभोवती फिरायचा, जावयासारखा. ती बघायचीच नाही. मग तो मुकाट्याने द्यायचा, आणि ती गिळून पुन्हा मान वळवून बसायची. मी आतल्या आत म्हणायचो, 'हनुवटी खाली, हां, मस्त.'

मामा दिवस मोजत होते. तीन आठवडे लागतात म्हणायचे. "पिल्लू आंड्यातनं निघालं की तिसऱ्या दिशी पळतंय. मंग पाणी येऊ दे, कुत्रं येऊ दे, ते आपलं आपलं बघतंय." तेवढं व्हायला हवं होतं, बाकी काही नाही. रोज पोचलो की ते बोटं वर करत. आठ. नऊ. दहा.

दहाव्या दिवशी पाणी आणखी उतरलं होतं आणि टेकाडाच्या टोकाशी एक घडीव दगड वर आला होता. पन्हाळीसारखा खोलगट, कडेने झिजलेला. आणि त्या दगडावर नर मासा घेऊन उभा.

"ते काय मामा?"

"थारोळं."

मला थारोळं वर्तमानपत्रातलं माहीत. 'रक्ताच्या थारोळ्यात पडलेला आढळला', तेवढंच. मामा हसले. धरणाच्या आधी इथे वस्ती होती, विहीर होती, विहिरीवर मोट होती. मोट वर आली की तिचं पाणी ज्या दगडी कुंडीत पडायचं आणि तिथून पाटाला लागायचं, ते थारोळं. वस्ती गेली, विहीर गाळाने भरली, हा दगड राहिला.

"ह्ये दरसाल दिसत न्हाई," मामा म्हणाले. "थारोळं उघडं पडलं म्हंजी पाणी तळाला गेलं म्हणायचं."

हे वाक्य मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि मला त्यातला फक्त शब्द आवडला.

त्याच वेळी मादी उठली, दोन पावलं चालत थारोळ्यावर गेली, आणि नराने त्या झिजल्या दगडावर तिला मासा भरवला. वीस वर्षांत मी शेकडो वेळा नवरदेवाच्या हातून नवरीला घास भरवताना फोटो काढला आहे. सगळे खोटे. हा एक खरा होता.

तो मी कुणाला दाखवला नसता तर मी मी नसतो. पण मी काळजी घेतली, हे नोंदवून ठेवतो. मागचा डोंगर कापला, कारण आमच्याकडे डोंगराच्या कडेवरून लोक गाव ओळखतात. काठ कापला. बाभळी कापल्या. दोन पक्षी, एक मासा, एक दगड आणि खाली उतरत गेलेल्या पाण्याच्या ओल्या रेघा. गावाचं नाव नाही, धरणाचं नाव नाही. आणि खाली, शिकलेला शब्द मिरवायची खाज म्हणून, लिहिलं: 'थारोळ्यावरचा संसार'. मोबाईलवर स्टेटस लावलं आणि एका लग्नाला निघून गेलो.

संध्याकाळी निमगाव सावाच्या एकाचा फोन. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो मी काढले होते. मला वाटलं, फोटोचं कौतुक.

"भाऊ, स्टेटस बघितलं. लई भारी."

"अरे, नदीसुरय आहे ती. नर मादीला—"

"त्ये राहू द्या. ते थारोळं कुठलं?"

"असंच एक. जुनं."

"आमचा म्हातारा म्हणतोय, ह्ये त्या बुडीत वस्तीचं थारोळं. त्याची आत्या दिल्याली तितं. ल्हानपनी पाणी प्यायलाय म्हणं त्याच्यावर. बाजूला टवका उडालेला दिसतोय ना, डाव्या अंगाला? त्याच्यावरनं वळाकलं त्यानं."

मी फोटो मोठा करून पाहिला. डाव्या अंगाला टवका होता.

"भाऊ, एवढं खाली गेलंय व्हय पाणी? थारोळं उघडं?"

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा 'हो' म्हणालो. बहुधा वर हसलोही.

खालच्या अंगाला कालव्याला पाणी नव्हतं, हे मला माहीत होतं. माझ्याही भावकीत मका करपत होती. लोक आवर्तन मागत होते. आवर्तन म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात खेपा चालल्या होत्या, वरच्या धरणातून पाणी आमच्या धरणात कधी घ्यायचं ह्यावर बोलणं चाललं होतं. आज, उद्या, बैठक, पुढची बैठक. त्यात माझा फोटो गेला. कुणीतरी तो छापून घेतला आणि टेबलावर ठेवला. साहेबांपेक्षा वयाने मोठी असलेली चार माणसं म्हणाली, थारोळं उघडं पडलंय. एवढंच. पक्ष्यांबद्दल कुणी विचारलं नाही. का विचारावं? जनावरांच्या दावणीला कोरडी वैरण, आणि चित्रात दोन पाखरं मासा खाताहेत.

मला हे कळलं सोळाव्या दिवशी, निमगावच्याच माणसाकडून. "राव, तुमच्या फोटूनं काम केलं. वरनं पाणी सुटतंय. दोन-चार दिसांत तुमचं थारोळं गायब!" तो इतका आनंदला होता की मीही 'वा वा' म्हणालो.

मी मामांकडे गेलो तेव्हा सांगायचं ठरवूनच गेलो होतो. वाटेत वाक्यंही जुळवली. मामांना पाणी येणार हे आधीच कळलं होतं; काठावर गाळात पेरणी केलेल्या लोकांना तसा निरोप आला होता.

"ह्या साली एवढ्या लवकर कसं काय सोडत्यात?" मामा म्हणाले. "दर टायमाला मेच्या मधी-बिदी येतंय."

"कुणीतरी मागणी केली असेल," मी म्हणालो.

"व्हय. लोकांचं बी खरंच हाय. पाण्याबिगर काय करत्याल." मग टेकाडाकडे बघत म्हणाले, "पर चार दिस थांबलं असतं तर."

हाच तो क्षण होता. मी तो जाऊ दिला. त्याऐवजी मी मोठ्या उत्साहाने एक योजना मांडली, कारण अपराधी माणसासारखा उत्साही दुसरा कुणी नसतो. म्हटलं, मामा, आपण खळगाच वर उचलू. मामांनी एक पत्र्याचं घमेलं आणलं. त्यात मुरूम भरला, मधे खळगा केला, आणि घमेलं दगडांवर ठेवून, पाणी चढेल तसे खाली दगड सारत जायचं. मामा म्हणाले, "कोंबडी पाटीत बसती, मंग ही का न्हाई बसायची?" आम्ही दोघांनी, दोन म्हाताऱ्या सुइणींसारखं, एकेक अंडं उचलून घमेल्यात ठेवलं. वरून ती आमच्या डोक्यांवर झेपावत होती. माझ्या टकलाला चोच लागली. नंतर आम्ही घोंगडीखाली जाऊन बसलो.

ती आली. घमेल्याच्या भोवती फिरली. जिथे आधी खळगा होता त्या मोकळ्या मुरमावर बसली, पोटाखाली चोच घालून शोधलं, उठली. पुन्हा बसली. अंडी हातभर वर, घमेल्यात. पत्रा तापत होता. मामांच्या कपाळावरून घाम गळत होता. "बस गं बाई," ते पुटपुटले. "बस की." ती बसली नाही. अर्ध्या तासाने मामाच उठले, अंडी काढून परत खळग्यात ठेवली आणि घमेलं काठावर आणून, उलटं करून त्यावर बसून राहिले. पाचच मिनिटांत ती अंड्यांवर होती, पोट ओलं करून.

पाणी एकोणिसाव्या दिवशी आलं. मला वाटलं होतं लोंढा येईल, आवाज येईल, काहीतरी नाट्य असेल. तसलं काही नाही. सकाळी दहाच्या सुमाराला काठचं पाणी गढूळ झालं, त्यावर काड्या आणि फेस तरंगत आला, आणि ते वाढू लागलं. पोळीला तूप लागावं तसं, पसरत. बाभळीच्या फांद्या आधी भिजल्या. मग चिखलाची वाट गेली. बाराच्या सुमाराला थारोळ्याच्या खोलगटात पाणी शिरलं, आणि मामा म्हणाले, "भरलं बघा. मोटंबिगर भरलं."

ती बसून होती. पाणी पोटाला लागलं तेव्हा नेहमीसारखी उठली नाही. भिजणं तिला नवीन नव्हतं. मग अंगाखालून पाणी वाहायला लागलं तशी ती उभी राहिली, चोचीने अंडं पोटाकडे ओढायला लागली. आणि मग अंडी तरंगली.

आमच्याकडे अंडं पाण्यात टाकून पाहतात; तरंगलं की नासकं म्हणून फेकतात. मी, स्वतःला काहीतरी बरं वाटावं म्हणून, म्हणालो, "मामा, तरंगतायत. म्हणजे आधीच खराब होती."

"न्हाई भाऊ," मामा म्हणाले. "आत जीव भरलाय. त्यानं तरंगत्यात."

तीन अंडी फेसाबरोबर वळत वळत गेली. ती त्यांच्यावर घिरट्या घालत बराच लांबवर गेली, मग परत आली आणि टेकाड होतं त्या जागेच्या वर फडफडत राहिली. मासे पकडताना राहते तशी, एकाच जागी.

मी फोटो काढले. बोटाला सवय असते. चाळीसेक असतील. सगळे स्वच्छ आले आहेत, एकही हललेला नाही.

मामांनी घोंगडी झटकली, मेंढरं हाकली आणि जाताना माझ्या पाठीवर थाप मारली. माझं सांत्वन करत होते ते. "वाईट वाटून घिऊ नका. पाण्याला काय डोळं असत्यात व्हय?"

तेव्हाही मी सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी निमगाव सावाहून सत्काराचं बोलावणं आलं. मी दोनदा नाही म्हटलं. बायको म्हणाली, "जा की. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मुलगी पसंत केली." खोटं कशाला बोलू, शाल-श्रीफळ मला आवडतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सत्काराचे फोटो काढणाऱ्या माणसाला तर जास्तच. आणि 'येणार नाही' म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

गेलो. कालवा भरून वाहत होता. मका पोटरीपर्यंत हिरवी झाली होती, विहिरींना पाणी आलं होतं. एका म्हातारीने भर रस्त्यात माझ्यापुढे हात जोडले. "गुरं जगली बाबा," म्हणाली. तिच्यावर रागवायचं तरी कसं?

देवळासमोर मांडव होता, स्पीकर होता. मागे फ्लेक्स. फ्लेक्सवर माझाच फोटो, पण छापणाऱ्याने तो कामापुरता कापला होता: मधोमध थारोळं, पाण्याच्या ओल्या रेघा, आणि कोपऱ्यात दगडावर टेकलेले चार लाल पाय. वरचे पक्षी कापले गेले होते. त्यांच्या जागी माझा गोल चौकटीतला चेहरा होता, आणि खाली 'हार्दिक अभिनंदन'.

मी खुर्चीवर बसलो आणि समोर पाहिलं तर शेवटच्या ओळीच्याही मागे, मांडवाच्या खांबाला टेकून मामा उभे. पाणी आल्यावर इथल्या शेतकऱ्यांनी नांगरटीआधी खतासाठी मेंढरं शेतात बसवायला बोलावली होती, त्यात मामांचा कळप आला होता. स्पीकरवर माझं नाव ऐकून ते शेतातून तसेच आले होते. मला पाहताच त्यांनी काठी वर केली. चेहरा असा फुलला होता की जणू त्यांच्याच घरचा सत्कार आहे. शेजारच्या माणसाला कोपराने ढोसून माझ्याकडे बोट दाखवत ते काहीतरी सांगत होते. आमचा माणूस म्हणत असावेत.

मी मनात म्हटलं, त्यांना वाचता येत नाही, फ्लेक्सचं काय कळणार. मग मीच मला आठवण करून दिली की फ्लेक्सवर वाचायचं काही नाही. दगड आहे.

निमगावच्या एका वडीलधाऱ्यांनी शाल घातली आणि माईक घेतला. "मंडळी," ते म्हणाले, "सहा आठवडं आपुन हापिसात खेपा घातल्या. पर ह्या माणसानं एक फोटू काढला, थारोळं उघडं पडल्याचा, आन् सगळ्या जगाला दावला. त्यो फोटू टेबलावर ठिवला आन् चौथ्या दिशी पाणी सुटलं! आज आपल्या रानात जे पाणी हाय, त्ये ह्यांच्यामुळं हाय."

टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली, विनयाने, असं सगळ्यांना वाटलं. मान वर केली तेव्हा मामा खांबापासून सुटून दोन पावलं पुढे आले होते. त्यांची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या मागच्या फ्लेक्सवर होती, त्या चार लाल पायांवर. काठी अजून अर्धी वर होती, खाली घ्यायची राहून गेली होती.

टाळ्या थांबल्या आणि त्या शांततेत ते मोठ्याने बोलले. लोकांना ते कौतुकच वाटलं, त्यांनी हसून पुन्हा टाळ्या वाजवल्या. मला तेवढं एकच वाक्य ऐकू आलं.

"म्हंजी... त्ये पाणी तुमी आणलं व्हय, भाऊ?"